हाक मारता येईल असं नाव

ज्येष्ठ संपता संपता, पालख्या वाटेवर असताना, माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण म्हणून वहिनी माहेरी, सासवडला होती. तिसऱ्या दिवशी भावाचा मेसेज आला. पाच नावांची यादी, प्रत्येक नावापुढे अर्थ, रोमन स्पेलिंग आणि त्या स्पेलिंगमधल्या अक्षरांच्या अंकांची बेरीज. खाली लिहिलं होतं, ‘ताई, आत्या म्हणून मान तुझा. यातलं एक सांग.’

यादीत आरव, अनय, कियान, रेयांश आणि शिवांश अशी नावं होती. मी कराडजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. गेली १४ वर्षं माझा दिवस हजेरीनं सुरू होतो. ही पाचही नावं मी रोज किंवा एक वर्षाआड उच्चारत आले आहे. यंदा वर्गात आरव तीन आहेत. तिघांनी एकदम ‘हजर’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा पोरांनीच तोडगा काढला आणि तिघांना आडनावानं हाका मारू लागली. सगळ्यांपेक्षा वेगळं असावं म्हणून हौसेनं शोधलेलं नाव मैदानावर सहाव्या-सातव्या वर्षीच मागे पडलं, आणि उरलं ते आडनाव. आपल्याकडे आडनाव म्हणजे काय काय सांगून जातं, ते वेगळं सांगायला नको.

त्या यादीवर मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. नाव निवडण्याची आपली सगळी रीतच कुठेतरी बदलली आहे आणि त्याविषयी आपण मोकळेपणानं बोलत नाही, असं मला वाटत राहिलं. नाव आता आपण पडद्यावर बघून निवडतो. कसं दिसतं, स्पेलिंग किती अक्षरी, अर्थाच्या रकान्यात काय लिहिलंय. त्या मुलाच्या वाट्याला मात्र ते नाव पुढची ७०-८० वर्षं कानावाटे येणार असतं. कुणीतरी ते तोंडानं उच्चारणार, अंगणातून, जिन्यावरून, फोनवर, दवाखान्याच्या रांगेत. ती हाक कशी लागेल, कोण मारील, कोणाला मारता येणार नाही, हा विचार यादीत कुठेच नसतो.

आधी अक्षराचं सांगते, कारण सुरुवात तिथून होते. बाळाचं नक्षत्र आर्द्रा निघालं, चरण तिसरा. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार, असे १०८ चरण असतात आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. आर्द्रेची अक्षरं कु, घ, ङ आणि छ. म्हणजे तिसऱ्या चरणाला आला ङ. या अक्षरावरून मराठीत काय, संस्कृतातही नाव होत नाही. गुरुजी म्हणाले, ग घ्या. भावाला ग वरची नावं जुनाट वाटली, म्हणून अक्षर सोडलं आणि अंकशास्त्र धरलं. माझ्या वडिलांचीही आर्द्राच, चौथा चरण. त्यांच्या पत्रिकेत ‘छगन’ लिहिलेलं आहे. गावानं ते नाव कधी ऐकलं नाही, शाळेच्या दाखल्यावर ते नाही, आईलासुद्धा लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळलं. ते नावरस नाव, पंचांगापुरतं. व्यवहारातलं नाव घरच्यांनी आपल्या मनानं ठेवायचं. म्हणजे परंपरेनं स्वतःच मोकळीक ठेवली होती. पत्रिकेतल्या अक्षरावरूनच रोजचं नाव आलं पाहिजे, हा हट्ट आजच्या तरुण आईवडिलांना जितका छळतो तितका आमच्या आजोबांना छळत नव्हता. आणि रोमन अक्षरांच्या बेरजेचं तर मला मुळीच पटत नाही. आरवच्या स्पेलिंगात ए दोन घाला नाहीतर तीन, देवनागरीत आणि आजीच्या तोंडी तो आरवच राहतो. मुलाचं भाग्य दुसऱ्याच लिपीतल्या एका जादा अक्षरावर टांगून ठेवायचं, यात आपण आपल्या भाषेला किती हलकं लेखतो!

अर्थाच्या रकान्याचं दुखणं याहून मोठं आहे. आरव या शब्दापुढे याद्यांत ‘शांत’ असं लिहिलेलं असतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका, गर्जना. पाखरांचा कलरव आपण म्हणतो, त्यातलाच हा रव. अनय या नावाचंही तसंच. नय म्हणजे नीती, अनय म्हणजे तिच्या उलट. शाळेत संस्कृत घेतलेल्या कुणालाही विचारलं असतं तरी हे कळलं असतं, पण विचारतो कोण? कियान हे फारसी नाव, इराणच्या प्राचीन कयानी राजांच्या नावाशी नातं सांगणारं. याद्यांत त्याला ‘देवाची कृपा’ असा अर्थ चिकटवलेला असतो. शेवटी ‘अंश’ लावून केलेली नावं तर आता पंधरवड्याला एक या वेगानं ऐकू येतात. पहिला भाग कुठून आला ते विचारलं की सगळे यादीकडे बोट दाखवतात.

ज्यांची नावं ठेवून झाली आहेत त्यांना दुखवायला मी हे लिहीत नाही. माझ्या वर्गातला एक आरव कागद दिसेल तिथे बैलगाडी काढतो. मला आता आरव म्हटलं की बैलगाडीच आठवते. गलकाही नाही आणि शांतताही नाही. मूल मोठं होतं तसं नावाला स्वतःचा अर्थ देतं. पण नाव ठेवायच्या आधी एखादा कोश उघडण्याइतकी, निदान एखाद्या जाणत्याला विचारण्याइतकी काळजी आपण घ्यायला हवी. पाळणा घेताना आपण चार दुकानं हिंडतो.

कियान फारसी आहे याचंही मला काही वाटत नाही. ते फारसी म्हणूनच ठेवावं, खोटी वंशावळ जोडून नको. आपल्याकडे परकी नावं कधी परकी राहिलीच नाहीत. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप ज्यांनी दिलं त्यांचं नाव हैबतबाबा आरफळकर. हैबत हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेनं आलेला, अर्थ दरारा. दौलतराव, फत्तेसिंह यांत डोकवा, तेच दिसेल. नगरच्या शाह शरीफ या पीराला नवस बोलून मुलं झाली म्हणून मालोजीराजे भोसल्यांनी त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. तो ‘जी’ लागला आणि नाव मराठी झालं. कोकणातल्या बेने इस्राएल समाजानंही हेच केलं. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युअल इझेकिएल दिवेकर आपल्या माणसांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. सॅम्युअलचा सामाजी, इझेकिएलचा हसाजी, आणि आडनावात दिवे नावाचं गाव. गोव्यात पोर्तुगीज जुआवचा जुवांव झाला, मिगेलचा मिंगेल. नाव कुठूनही येवो, इथल्या जिभेनं ते घासून-पुसून आपलं केलं. आज आपण उलटं करतो आहोत. नाव जसं पडद्यावर आहे तसं ठेवून जिभेलाच त्याच्यामागे पळवतो.

जिभेचंच बोलते आता. रानात, नदीकाठी, वाड्याच्या चौकात हाक मारायची तर शेवटचा स्वर लांबवावा लागतो. बाळूऽऽ, गण्याऽऽ, तुकाऽऽ, इठूऽऽ. व्यंजनावर संपणारं नाव असलं तर आपण त्याला पटकन शेपूट जोडतो. प्रकाशचा पक्या, अविनाशचा अव्या, गणपतचा गणपा, दत्तात्रयाचा दत्तू. ही नावांची मोडतोड आहे असं आम्हाला शाळेत सांगितलं गेलं. मला ती भाषेची हुशारी वाटते. मराठी तोंडाला हाक लांबवायला उघडा शेवट हवा असतो आणि ते तो करून घेतं. म्हणून माझं आईवडिलांना सांगणं असतं, नाव कागदावर पक्कं करण्याआधी गच्चीवर जा आणि खाली मूल खेळतंय असं समजून हाक मारून बघा. पहिल्या हाकेला, पाचव्या हाकेला आणि राग आल्यावर ते नाव कसं होतं ते ऐका. शिवांश चारचौघांत छान वाटतं, पण पोरं त्याचं ‘शिव्या’ करतात आणि मग वर्ग हसतो. मी ते हसणं अनेकदा थांबवलं आहे. शिवाचं नाव मुलाला लाभावं असं मनापासून वाटलं असेल, तर शंभू आहे, शंकर आहे, महादेव आहे, मल्हारी आहे. यातल्या प्रत्येकाला घरगुती रूप शेकडो वर्षांपासून घडवलेलं तयार आहे.

ळ, ण, ज्ञ आणि ऋ ही अक्षरं मुलांच्या नावांतून हळूहळू जात आहेत. गोपाळ, बाळकृष्ण, ज्ञानेश, हृषीकेश. रोमन लिपीत ळ चा ल होतो, ण चा न होतो, म्हणून नकोच, असं पालक म्हणतात. हृषीकेशचं तर दोन्हीकडून ओढाताणीचं झालं आहे, कारण आपण त्याला रु म्हणतो आणि उत्तरेकडे रि, आणि स्पेलिंगवरून तुमचं गाव कुठलं ते कळतं. परदेशात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं म्हणणं मी समजू शकते. तिथे दत्ताचा डाटा होतो, मूल रोज शाळेत आपलं नाव दुरुस्त करून दमतं. तिनं मुलाचं नाव नील ठेवलं. इथेही चालतं, तिथेही, आणि अर्थासाठी यादी लागत नाही. तिची अडचण खरी आहे. पण ज्या मुलाचं आयुष्य सातारा, पुणे, नाशिक इथेच जाणार आहे, त्याच्या नावातला ळ आपण कुठल्या अनोळखी माणसाच्या सोयीसाठी आधीच काढून टाकतो? ही काळजी पालक बोलून दाखवतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मूल नसतं, विमान असतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, ही बाई जुन्या नावांची भलामण करते आहे. ती मला करायची नाही, कारण जुनी नावं निर्दोष नव्हती.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत ते सांगितलं आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं घृणा वाटेल असं. गावगाड्यानं हे पुस्तक वाचलं असेल नसेल, हाकेत मात्र ते पाळलं. एकाच महादेवाचा कुणी महादेवपंत होई, कुणी महादेवराव, कुणी महादूतात्या आणि वेशीबाहेर राहणारा, केस पिकले तरी, म्हाद्या. ज्या ‘या’च्या शेपटीचं मी वर कौतुक केलं, तिचंच हे दुसरं रूप. आईच्या तोंडी जो लाड, तोच पाटलाच्या पोरानं म्हाताऱ्या माणसाला मारलेल्या हाकेत अपमान. म्हणून ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे ऐकलं, त्यांनी मुलांची नावं पूर्ण म्हणा, पूर्ण लिहा, असा आग्रह धरला तर तो त्यांचा हक्क आहे. घरी भिवा म्हणून वाढलेल्या मुलाला पुढे सगळा समाज बाबासाहेब म्हणू लागला, यात ही सगळी लढाई आली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतरच्या पाळण्यांत वेगळी नावं आली. सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद, नागसेन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांचा पाली ग्रंथ आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचं नाव दिलं आणि तो परिसर नागसेनवन झाला. मराठी माणसांनी एका पिढीत आपल्या मुलांची नावं इतक्या विचारानं बदलल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. ती नावं नवी होती, तोपर्यंत गावात कुणी ऐकलेली नव्हती, आणि तरी त्यांच्यामागे काय आहे ते प्रत्येक आईला सांगता येत होतं. आज राहुल, सिद्धार्थ, मिलिंद ही नावं सगळ्या जातींत आहेत. म्हणून आरव आणि विहान यांच्याविषयीही मला एक चांगली गोष्ट मान्य केलीच पाहिजे. हजेरीपटावरची पहिली नावं वाचून आता कुणाची जात कळत नाही. पहिलीच्या वर्गात उभी राहणारी शिक्षिका म्हणून मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. जुन्या पटांवरून बोट फिरवलं तर धोंडी, मारुती, श्रीपाद, बाळासाहेब या क्रमानं बाकंही कळायची.

दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावं मात्र सगळीच जातीच्या उतरंडीतून आलेली नव्हती. मूल जगत नसे. एक गेलं, दुसरं गेलं, की तिसऱ्याला सटवाईची, काळाची नजर लागू नये म्हणून दगड म्हणायचं, केर म्हणायचं. मुलाचं नाक टोचून नथ घालायची आणि नथू म्हणायचं. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मला तरी धोंडू. पुण्यातल्या मिठाईवाल्या शेटजींचं नाव दगडूशेठ, आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. १८५८ साली जन्मलेले धोंडो केशव कर्वे १९६२ पर्यंत जगले, शंभरावर चार वर्षं. ही नावं ऐकायला ओबडधोबड, पण त्यांच्या आत केवढी धास्ती आणि केवढी माया आहे! आज आपण ती ठेवणार नाही, ठेवायची गरजही नाही, कारण लस आहे, दवाखाना आहे. पण आजोबांचं नाव दगडू म्हणून लाजणाऱ्या नातवाला मला हे सांगावंसं वाटतं की तुमच्या पणजीनं ते नाव ठेवताना देवाशी झुंज घेतली होती.

मुलींच्या नावात ही माया नव्हती, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. आमच्याच सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये २८५ मुलींची नावं एका समारंभात बदलली गेली. सगळ्यांचं जुनं नाव एकच, नकुशा. नको असलेली. मुलाला दगड म्हणायचं ते तो जगावा म्हणून, आणि मुलीला नकुशा ते पुढची येऊ नये म्हणून. मुलाच्या नावाची एवढी चर्चा आपण करतो, तेव्हा तो मुलगा आहे म्हणूनच तर ती इतकी लांबत नाही ना, हेही एकदा स्वतःला विचारावं.

मग नाव कसं असावं? माझी कसोटी साधी आहे. मुलानं पाच-सहा वर्षांचं झाल्यावर ‘माझं नाव हेच का?’ असं विचारलं, तर त्याला सांगायला आपल्याकडे आपल्या घरातली एक गोष्ट असावी. आमच्या कराडचं नाव ज्यांच्यामुळे देशभर गेलं त्या यशवंतराव चव्हाणांनी आत्मचरित्रात आपल्या नावाची हकिकत सांगितली आहे. बाळंतपणात आईची अवस्था कठीण झाली तेव्हा आजीनं देवराष्ट्र्याच्या सागरोबाला साकडं घातलं, यश दिलंस तर मुलाचं नाव यशवंत ठेवीन. गोष्ट देवाचीच हवी असंही नाही. कवी रमेश तेंडुलकरांच्या घरात संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून मुलाचं नाव सचिन आलं. सुनील गावसकरांनी मुलाच्या नावात तीन क्रिकेटपटू एकत्र आणले. कन्हायवरून रोहन, आणि जयसिंहा-विश्वनाथवरून जयविश्व. ही नावं त्या काळात वेगळीच होती. पण ती त्या घरातल्या माणसांच्या खऱ्या प्रेमातून आली होती आणि मुलाला ती सांगता येत होती. इतक्या वर्षांत मी कितीतरी मुलांना नावाची गोष्ट लिहून आणायला सांगितलं आहे. ‘माझ्या आजोबांचं नाव’, ‘मी एकादशीला झालो’, ‘बाबांच्या मित्राचं नाव, तो गेला’. आणि अलीकडे वाढत चाललेलं एक उत्तर, ‘मोबाईलमध्ये सापडलं.’ ते मूल हे लिहिताना खट्टू होतं. शेजारच्याला दोन ओळी लिहायला असतात.

घाईचं कारण देऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव त्याच वेळी दिलंच पाहिजे असं नाही. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार, तेव्हा तो दाखला नीट विचार करूनच भरावा. दवाखान्यातल्या कागदावर ‘बाळ’ एवढंच राहिलं तर आभाळ कोसळत नाही.

आणखी एक बदल आला आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १ मे २०१४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आता स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. राज्य सरकारनं २०२४ च्या मार्चमध्ये हा निर्णय घेतला. माझ्या पटावर आता आई दिसते. पण पाळण्यातल्या नावात तिचं म्हणणं किती असतं? सासरच्यांची यादी, गुरुजींचं अक्षर, आत्याचा मान. तिच्या माहेरचं दैवत, तिच्या गावाची नदी, तिचे आजोबा यांच्यावरून नाव आल्याचं मी फार थोड्या घरांत ऐकलं. मान माझा, आत्याचा आहे म्हणून मला हे म्हणायचा अधिकार आहे.

टोपणनावाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण आता तेही आधीच ठरवलं जातं. बारशाच्या पत्रिकेवर कंसात छापलेलं मी पाहिलं आहे. घरातलं लाडाचं नाव ठरवून येत नाही, ते वापरातून येतं. ते का येतं याचं जुनं कारण मोठं गमतीचं आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं आणि सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग तिनं स्वतःच्या मुलाला हाक मारायची कशी? तर बाळ, बाबा, आबा, आप्पा, अण्णा, भाऊ. महाराष्ट्रातल्या निम्म्या टोपणनावांच्या मुळाशी अशी एखादी संकोचलेली सून सापडेल. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरातलं बाळ. इतिहासानं बाळ घेतलं. मुरलीधर देवीदास आमटे यांना ‘बाबा’ ही पदवी लोकांनी साधुत्वामुळे दिली असं पुष्कळांना वाटतं. ते त्यांचं लहानपणीचं घरातलं नाव होतं. इकडे वाटेगावात जन्मलेले तुकाराम भाऊराव साठे जगाला अण्णाभाऊ म्हणूनच माहीत आहेत.

पण टोपणनावाला उंबरठा असावा. दुसरीतल्या एका मुलाला घरी लाडानं गोलू म्हणत. एक दिवस आजोबा न्यायला आले आणि त्यांनी फाटकातून तीच हाक मारली. दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग त्याला गोलू म्हणू लागला आणि चौथ्या दिवसापासून त्यानं शाळेतली खिचडी खायचं सोडलं. आजोबांच्या तोंडी जे प्रेम होतं ते चाळीस पोरांच्या तोंडी त्याच्या पोटाकडे दाखवलेलं बोट झालं. काळ्या, जाड्या, लंबू, चष्म्या ही नावं लाडाची नसतात, घरातही नसतात. माझ्या वर्गात मी पूर्ण नावानं हाक मारते आणि मुलं एकमेकांना काय म्हणतात यावर लक्ष ठेवते. मोठा झाल्यावर मुलगा म्हणाला, मला आता पिंट्या म्हणू नका, तर घरानं ते ऐकावं. मामाच्या गावी एखादी म्हातारी विसरेल, तिला सूट द्यावी.

तिसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. यादीतलं काही सांगितलं नाही. म्हटलं, ‘वहिनीला विचार, तिला काय वाटतं.’ तो गप्प झाला. त्यानं विचारलंच नव्हतं. रात्री वहिनीचाच फोन आला. म्हणाली, ‘ताई, हसू नका. माझे आजोबा सोपानकाकांच्या पालखीबरोबर जायचे. बाबा आत्ताही वाटेवर आहेत. बाळ झालं तेव्हा पालखी नुकतीच निघाली होती. मला सोपान आवडेल. पण जुनं आहे.’ सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, मुक्ताबाई यांचा हा भाऊ. सोपान म्हणजे जिना, पायऱ्या. मी तिथल्या तिथे खोलीत उभी राहून हाक मारून पाहिली. सोपानाऽऽ. छान लागली.

बारावा दिवस दशमीला आला. पालख्या पंढरपुरात पोचण्याचा दिवस, त्यामुळे वहिनीचे वडील फोनवरच होते, मागे टाळांचा आवाज. बायकांनी पाळण्याखालून-वरून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ केलं, कुंचीतलं बाळ झोपलेलंच होतं. मी वाकून त्याच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. पाठीत दोन-तीन धपाटे बसले. घुगऱ्या वाटल्या.

आता तो चार महिन्यांचा आहे. वहिनीच्या आईला त्याला नुसतं सोपान म्हणवत नाही. समाधीवर डोकं ठेवणाऱ्या बाईच्या तोंडातून ते नाव एकेरी निघत नाही, आणि दुपटं बदलताना तर नाहीच. त्या त्याला ‘काका’ म्हणतात. काका, रडू नका. काका, दूध प्यायचं ना? शेजारची पोरंही आता काका म्हणू लागली आहेत.